पान लागलं, नांगी बसली: माणसाकडे बघा, जनावराच्या मागे लागू नका

डॉ_तळकोकण

नमस्कार मंडळी. पाऊस लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात पान लागलेल्यांची, म्हणजे साप चावलेल्यांची, रीघ सुरू होते, ती थेट भातकापणीपर्यंत. कुणी लावणीला चिखलात उतरलेला, कुणी सरपणाच्या भाऱ्यात हात घातलेला, कुणी रात्री अनवाणी परसाकडे गेलेला. औषध आमच्याकडे असतं, माणसं उशिरा पोचतात. मधला वेळ कशात गेला असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: 'जनावर कुठलं होतं ते बघत होतो.' काठ्या घेऊन बांध उकरतात, मारलेला साप पिशवीत घालून आणतात, आणि त्या गडबडीत कधी दुसऱ्यालाही दंश होतो.

याची काही गरज नसते. आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांवर लस एकच. घोड्यांना चारही सापांचं विष थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून ती तयार करतात. म्हणजे साप कुठला हे कळलं नाही तरी बाटली तीच फुटणार. ती द्यायची की नाही आणि किती द्यायची, हे ठरतं रुग्णाच्या अंगावरच्या लक्षणांवरून. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तर निघा.

आता लक्षणं. नाग आणि मण्यार यांचं विष नसा आणि स्नायूंमधला दुवा तोडतं. आधी पापण्या जड होतात. रुग्णाला वर छताकडे बघायला सांगा. कपाळाला आठ्या पडतात, पण पापण्या वर जात नाहीत. मग एकाच्या दोन वस्तू दिसतात, आवाज गेंगाणा होतो, लाळ गिळता येत नाही, उशीवरून मान उचलत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नागाच्या दंशाला सूज आणि दुखणं असतं. मण्यारीच्या दंशाला बहुधा काहीच नसतं. दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय, घसा आवळतोय म्हणून उठतो. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं, ओवा देतात, आणि उजाडेपर्यंत त्याचे डोळे मिटलेले असतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात कळ आणि डोळ्यांवर झापड आली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती मण्यार समजा.

घोणस आणि फुरसं रक्तावर जातात. दंशाच्या जागी आग, वर चढत जाणारी सूज, हिरड्यांतून किंवा जुन्या जखमेतून रक्त, लालसर लघवी. घोणशीत मूत्रपिंडंही बंद पडतात.

करायचं ते थोडकंच आहे. माणसाला आडवा करा, धीर द्या, चालवू नका. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा लगेच काढा, कारण सूज आल्यावर ते मांसात रुततात. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा, आणि ती गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. चिरा मारू नका, तोंडाने ओढू नका, बर्फ किंवा झाडपाला लावू नका, दारू किंवा तूप पाजू नका.

तुमच्या भागात काय चालतं ते लिहा, प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देतो.

नांगरधारी

डॉक्टर, चांगला धागा. आमच्याकडे वाळव्याच्या बाजूला पहिली गोष्ट होते ती आवळपट्टी. गडी असो की बाई, दंशाच्या वर दावं करकचून आवळतात. तुम्ही ते 'करू नका' मध्ये लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. आणि कुणी आधीच बांधून टाकली असेल तर?

दुसरं म्हणजे देवस्थानाकडे नेणं. माझ्याच चुलत्यांना तिकडे नेलं होतं आणि ते चालत घरी आले. आता घरात कुणी ऐकत नाही.

डॉ_तळकोकण

नांगरधारी, बरं झालं विचारलंत. आवळपट्टी बांधायची नाही. ती विष थांबवत नाही, रक्त मात्र थांबवते. फुरसं आणि घोणस यांचं विष मांस सडवतं. त्यात खालचा भाग तासभर रक्तावाचून राहिला तर बोटं, कधी पूर्ण पाय गमावायची वेळ येते.

आधीच बांधलेली असेल तर वाटेत झटक्यात सोडू नका. दाव्याच्या खाली साठलेलं विष एकदम वर गेलं की रुग्णाचा श्वास तिथेच, गाडीत, थांबू शकतो. आम्ही आधी शिरेत सुई घालतो, लस सुरू करतो, श्वास द्यायची पिशवी उशाशी ठेवतो आणि मगच गाठ हळूहळू सैल करतो. एकावर एक अशा गाठी असतील तर खालच्या आधी, सगळ्यात वरची शेवटी.

तुमचे चुलते बरे झाले याचा आनंदच आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा कोरडा चावा घेतात, म्हणजे दात लागतात पण विष सोडलं जात नाही. अशी माणसं कुठेही नेली तरी घरी चालतच येतात. पण हे घरी वाद घालून पटत नाही, आणि रात्री दोन वाजता तर मुळीच नाही. मी लोकांना सांगतो, भगताशी भांडू नका, त्यालाही गाडीत घ्या. मंत्र गाडीत म्हणता येतो. आमच्याकडच्या एका भगतांनी आता स्वतःच फोन करून रुग्ण पाठवायला सुरुवात केली आहे. त्यांच्यामुळे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं मोल मला फार वाटतं.

परिचारिका_सरकारी

मी उपजिल्हा रुग्णालयात नोकरी करते. नातेवाईकांचा सगळ्यात मोठा राग असतो तो 'आल्या आल्या लस का देत नाही' यावर. म्हणून आत काय चालतं ते लिहिते.

रुग्ण आला की आम्ही शिरेतून दोन मिली रक्त काढून काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घालतो आणि ती स्टँडमध्ये उभी करून ठेवतो. बरोबर २० मिनिटं. त्या वेळात नळीला हात लावायचा नाही, हलवायची नाही, 'बघू गोठलं का' म्हणून तिरकी करायची नाही. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, कारण मग चांगलं रक्तही नीट गोठत नाही. २० मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्ताची गुठळी नळीला धरून राहिली तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय, लस लगेच सुरू. या चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, वीजही लागत नाही. पहिली चाचणी चांगली आली तरी आम्ही ती पुन्हा पुन्हा करतो आणि रुग्णाला चोवीस तास ठेवून घेतो. कृपा करून 'काही होत नाहीये' म्हणून संध्याकाळी सही करून घरी नेऊ नका. आणि पापण्या पडायला लागल्या असतील तर नळीची वाटच बघत नाही, लस लगेच लागते.

लस भुकटीच्या रूपात येते. प्रत्येक बाटलीत दहा मिली पाणी घालून विरघळवायची. ती हलवून ढवळली की फेस होतो, म्हणून दोन तळहातांमध्ये बाटली हळूहळू फिरवत बसावं लागतं. सुरुवातीला अशा ८ ते १० बाटल्या सलाईनमधून साधारण तासाभरात देतात. आम्ही दोघी बाटल्या फिरवत असतो तेव्हा बाहेरून 'सिस्टर नुसत्या बसल्यात' असं ऐकू येतं. बसलेल्या नसतो हो आम्ही.

लहान मुलालाही तेवढ्याच बाटल्या. 'एवढ्याशा पोराला दहा?' असं आई विचारते. सापाने मूल लहान आहे म्हणून विष कमी सोडलेलं नसतं, म्हणून डोसही कमी करत नाहीत.

लस घोड्याच्या रक्तातली असल्याने काहींना तिचीच रिअ‍ॅक्शन येते. अंगाला खाज, गांधी, थंडी वाजून थरथर, खोकला, उलटी. त्यासाठी अ‍ॅड्रेनालीन सिरिंजमध्ये भरूनच ठेवलेलं असतं. रिअ‍ॅक्शन आली की लस थांबवायची, मांडीत अ‍ॅड्रेनालीन द्यायचं, आणि निवळलं की लस पुन्हा हळू सुरू करायची. तुमच्या माणसाला खाज सुटली तर लगेच हाक मारा, पण 'लस बंदच करा' म्हणून हट्ट धरू नका.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात आम्हाला प्रथमोपचाराच्या वर्गात नेमकं उलट शिकवलंय. क्रेप बँडेज बोटांपासून वर, पाय मुरगळल्यावर बांधतात तसं घट्ट गुंडाळायचं आणि फळी लावायची. डिसेंबरात मुलांना घेऊन सिन्नरला आजोळी येतोय. मग तिथे काय करू?

डॉ_तळकोकण

तुम्हाला शिकवलंय ते तिथे बरोबरच आहे. ही पद्धत १९७० च्या दशकाअखेरीस ऑस्ट्रेलियातच स्ट्रुअन सदरलंड यांनी मांडली. तिथले घातक साप बहुतेक नागाच्या कुळातले, त्यांच्या दंशाने मांस फारसं सडत नाही, आणि दाबामुळे विष लसिकावाहिन्यांतून वर चढायला वेळ लागतो. आपल्याकडे घोणस आणि फुरशाचे दंश भरपूर. आधीच सुजत चाललेल्या पायाला वरून घट्ट पट्टी बसली तर नुकसान वाढतं. शिवाय नेमका दाब साधणं शिकलेल्यालाही जमत नाही. सिन्नरला आलात की फळी लावा, पाय स्थिर ठेवा, दाबपट्टी नको.

पडवीतली

डॉक्टर, विंचवाबद्दल लिहा ना. आमच्या माणगावच्या बाजूला सापापेक्षा लाल विंचवाची धास्ती जास्त. गेल्या पावसात माझ्या भाच्याला पायताण घालताना नांगी बसली. पाचवीतला मुलगा. आश्चर्य म्हणजे तो फार रडला नाही, पण सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला, दोनदा ओकला, हातपाय गार पडले. शेजारच्या काकू म्हणाल्या, फार दुखत नाहीये म्हणजे विंचू साधा असणार. वहिनीने ऐकलं नाही, मोटारसायकलवर घालून नेलं. तिथे गोळी दिली आणि रात्रभर आडवा ठेवला. सकाळी भाकरी खाल्ली त्याने. पण तेव्हापासून मनात आहे, की काकूंचं ऐकलं असतं तर?

डॉ_तळकोकण

ताई, तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अगदी योग्य तेच केलं.

लाल विंचवात हे लक्षात ठेवायचं: नुसता ठणका असेल, माणूस ओरडत असेल पण अंग कोरडं आणि हातपाय गरम असतील, तर बहुधा जीवाला धोका नाही. दंशाच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं की ठणका उतरतो. तरी काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं, कारण पुढची लक्षणं उशिराही येतात. ठणका कमी आणि दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं, हे दिसलं की एक क्षण दवडायचा नाही. विष मज्जातंतूंना चेतवतं, शरीरात अ‍ॅड्रेनालीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. खोकला सुरू होतो, तोंडाला गुलाबी फेस येतो. मुलं यानेच जात असत.

'असत' म्हणतोय कारण हे चित्र बदललं, आणि ते तुमच्याच जिल्ह्यातून. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना गंभीर विंचूदंशात मुलं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि मूळ दुखणं हृदय-रक्तवाहिन्यांचं आहे हे दाखवलं. रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी यावर चालते हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. शंभरातली तीस-चाळीस मुलं दगावत होती, तो आकडा एकाच्या आसपास आला. २०११ मध्ये त्यांचाच अभ्यास 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, की प्राझोसिनच्या जोडीला हाफकिन संस्थेची विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावात बसून जगभरच्या वैद्यकाला शिकवणारं हे काम आहे, आणि ते आपल्या मुलांना शाळेत सांगितलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इथे वाचणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी: प्राझोसिन मुलांना वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी. अ‍ॅट्रोपिन देऊ नका, ते वादळ वाढवतं. आयांसाठी: गोळी दिल्यावर मूल आडवंच ठेवा. रडतंय म्हणून कडेवर उभं घेतलं की रक्तदाब एकदम खाली येतो. पाणी, दूध पाजायचं तेही आडवं ठेवूनच.

वाटाड्या_जुन्नर

मी साप पकडून सोडण्याचं काम करतो. डॉक्टरांच्या मुद्द्याला माझा शंभर टक्के दुजोरा, कारण साप ओळखण्यात भलेभले चुकतात. मण्यार आणि कवड्या हेच बघा. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीचे उलट, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. दिवसा, टेबलावर ठेवून सांगता येईल. कंदिलाच्या उजेडात, भिंतीकडे पळणाऱ्या सापाचं काय सांगणार? घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हातात घेतलेलेही आहेत.

आपल्या डोंगरात हिरवा चापडाही आहे. करवंदी-कारवीच्या जाळीत दडून असतो. त्याच्या विषावर ही लस लागू पडत नाही, आणि त्याने सहसा जीव जात नाही. पण म्हणून स्वतःच 'चापडाच होता' ठरवून घरी बसू नका.

टाळायचं म्हणाल तर मण्यारीसाठी खाट, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांना मी हेच सांगतो, कारण ती माणसं पालात जमिनीवरच निजतात. रात्री बाहेर पडताना विजेरी, पायात बूट, हातातली काठी पुढे आपटत चालणं. सरपण आणि कोंबड्यांचं खुराडं घराच्या भिंतीला लागून नको, तिथे उंदीर येतात आणि उंदरामागे जनावर येतं.

किनारपट्टी

थोडं समुद्राकडचंही. ऑगस्टच्या आसपास मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव वाहून येतात, आणि आमच्या जाळ्यात पाकट मासा सापडला तर शेपटीचा काटा पायात घुसतो. आजोबा पाय गरम पाण्यात बुडवायला लावत. त्यात तथ्य आहे का?

डॉ_तळकोकण

पूर्ण तथ्य आहे. दोन्हींची वेदना गरम पाण्याने उतरते. सोसेल इतपत गरम, ४५ अंशांच्या आसपास. ब्लूबॉटलला २० मिनिटं, पाकटाच्या काट्याला तास-दीड तासही. पाणी आधी न दुखणाऱ्या पायाने तपासा, नाहीतर भाजेल. ब्लूबॉटलचे दोरे समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने घासू नका. पाकटाचा काटा तुटून आत राहतो, म्हणून जखम डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर उपटू नका, तसाच घेऊन या.

याच ओघात मधमाशी आणि गांधीलमाशी. एकच माशी चावली पण ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला किंवा चक्कर आली, तर ती अ‍ॅलर्जी आहे आणि सापापेक्षाही कमी वेळ हातात असतो. तिथे औषध एकच, मांडीत अ‍ॅड्रेनालीन. आग्या मोहोळाने शेकडो डंख मारले असतील तर माणूस वरवर बरा दिसला तरी रुग्णालयात न्या, दोन दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मधमाशीचा रुतलेला काटा कसा काढावा यावर वाद नको, जसा निघेल तसा लगेच काढा.

नांगरधारी

अजून एक. आमच्या ओळखीत एकांना आरोग्य केंद्रातून 'पुढे न्या', तिथून 'सिव्हिलला न्या' असं करत चार तास गेले. असं झालं तर नातेवाईकाने काय म्हणायचं?

डॉ_तळकोकण

स्पष्ट म्हणायचं: 'पहिला डोस इथे सुरू करा आणि मग पाठवा.' लक्षणं असतील तर ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. पापण्या पडल्या असतील तर निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शनही तिथेच देता येतं. नागाच्या दंशात त्याने डोळे उघडतात, मण्यारीत फारसा फरक पडत नाही. पुढच्या ठिकाणी फोन करून लस आणि व्हेंटिलेटर आहे का हे विचारूनच गाडी हलवा. वाटेत श्वास मंदावला तर पिशवीने श्वास देणारं कुणीतरी सोबत हवं.

मण्यारीचा रुग्ण पूर्ण लुळा पडतो, बाहुल्या मोठ्या होतात, उजेडालाही हलत नाहीत. तो गेला असं वाटतं, पण त्याला सगळं ऐकू येत असतं. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून अशी माणसं ठणठणीत घरी जातात. म्हणून हाती श्वास देत राहा, आणि खाटेजवळ रडारड करण्याऐवजी त्याच्याशी बोला.

देशात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशाने जातात असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. कागदावरचं ते उद्दिष्ट पहिल्या आरोग्य केंद्रात पहिली बाटली फुटते की नाही यावरच ठरणार आहे.

परिचारिका_सरकारी

घरी गेल्यावरचं राहिलं. लस घेतल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे आले तर ती लसीची उशिरा येणारी रिअ‍ॅक्शन असते. औषधाने बरी होते, डिस्चार्ज कार्ड घेऊन परत या. घोणशीच्या रुग्णाने लघवी कमी होतेय का यावर लक्ष ठेवा. आणि शेतकरी कुटुंबात मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश दोन्ही बसतात, दोन लाख मिळतात. त्यासाठी शवविच्छेदन नाकारू नका आणि तालुका कृषी कार्यालयात लगेच चौकशी करा. दुःखात हे सुचत नाही आणि घरच्यांचा हक्क बुडतो.

पडवीतली

सिस्टर, डॉक्टर, दोघांचे आभार. पहिली पोस्ट आणि विंचवाचा भाग आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकते आहे, आणि शेजारच्या काकूंना स्वतः वाचून दाखवणार आहे.